एकाच सर्व्हरवर दोन साइट: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की दुसऱ्याचंच पान का उघडतं?

तुमची चादरींची साइट नुसत्या नावाने नीट उघडते आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की टॉवेलवाल्यांचं पान येतं, म्हणजे सर्व्हरअलियास, म्हणजे साइटचं जादा नाव, द्यायचा राहिलाय. मागितलेलं नाव कुठल्याच व्हर्च्युअल होस्टमध्ये (एकेका साइटच्या सेटिंगच्या ब्लॉकमध्ये) सापडलं नाही, की अपाचे हा वेबसर्व्हर त्या पोर्टवरचा पहिला होस्ट पुढे करतो. सोलापूरच्या चाटी गल्लीत, कापडबाजारात, दुकानाचं नाव न सांगता चादर मागा, पहिलाच दुकानदार आत बोलावणार! उबंटूवर हा 'पहिला' साइटच्या सेटिंग फाइलींच्या नावांच्या क्रमाने ठरतो.

चादरींच्या ब्लॉकमध्ये सर्व्हरनेमखाली (साइटच्या मुख्य नावाच्या ओळीखाली) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या नावाची सर्व्हरअलियासची ओळ टाका. नावं अनेक असली तर मध्ये फक्त स्पेस, स्वल्पविराम नको. ४४३ च्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टच्या, ब्लॉकमध्येही तेच करा, तिथेच हमखास विसरतं. एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटवरही ते नाव हवंच, नाहीतर ब्राउझर बोंब मारेल. मग कॉन्फिगटेस्ट (सेटिंगची तपासणी) करून अपाचे रीलोड करा, रीस्टार्ट कशाला?