'संडे इन द पार्क विथ जॉर्ज' या संगीत नाटकाचा रिव्हायव्हल (नव्याने बसवलेला प्रयोग): चित्रकाराबद्दल काहीच माहिती नसेल तर कळेल का?

हो, आरामात कळेल. जॉर्ज म्हणजे फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा, ज्याने 1884 ते 1886 अशी दोन वर्षं घालवून ठिपक्या-ठिपक्यांनी एकच प्रचंड चित्र रंगवलं, साधारण दोन मीटर बाय तीन मीटर, आता शिकागोला आहे. एवढं माहीत असलं की बास. बाकी प्रेमकथा वगैरे लेखकाने रचलेली आहे.

माझा सगळ्यात आवडता सीन म्हणजे तो कॅनव्हासवर ब्रशने टपटप ठिपके देतोय आणि त्याची मैत्रीण डॉट आरशासमोर त्याच लयीत चेहऱ्यावर पावडर लावतेय, संगीतसुद्धा तसंच तुटक, ठिपक्यांसारखं, आणि तिला फिरायला न्यायचं कबूल केलेलं असतं पण ऐनवेळी हा म्हणतो मला हॅट पूर्ण करायचीय! चित्रातली हॅट! त्या एका वाक्यात अख्खा माणूस कळतो, राग येतो आणि कीवही येते.

2008च्या रिव्हायव्हलमध्ये प्रोजेक्शनने चित्र स्टेजवर हळूहळू उमटत जायचं. 2017ला जॉर्जच्या भूमिकेत अभिनेता जेक जिलेनहाल होता, तो प्रयोग आधी कॉन्सर्ट म्हणून झालेला त्यामुळे सेट अगदी मोजका, ऑर्केस्ट्रा स्टेजवरच, आणि मला वाटतं या नाटकाला ते जास्त शोभतं, लक्ष गाण्यांवर राहतं.

दुसरा अंक एकदम शंभर वर्षं पुढे जातो, जॉर्जच्या पणतूकडे, त्याचंही नाव जॉर्जच. बरेच जण तिथे कंटाळतात, पण उठू नका, डॉट परत येते.