टेनंटचा डॉक्टर बघायला घेताय?

डेव्हिड टेनंटसाठी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचा थेट ‘द ख्रिसमस इन्व्हेजन’ हा भाग लावायचा विचार असेल, तर जरा थांबा. आधी त्याच्या अगोदरचा डॉक्टर, ख्रिस्तोफर एकल्स्टन, याचे २००५चे भाग बघा. (मरणाच्या दारात डॉक्टर शरीर बदलतो, म्हणून नट बदलला तरी पात्र तेच राहतं.) तेराही जमले तर उत्तमच, पण निदान शेवटचा तरी चुकवू नका.

२५ डिसेंबर २००५ला बीबीसीवर आलेला हा तासाभराचा नाताळ विशेष भाग माझ्या मते खरा डॉक्टरची सोबती रोझ हिचा आहे. नवा डॉक्टर बराच वेळ पायजम्यात बेशुद्ध पडलेला असतो. इकडे सायकोरॅक्स हे परग्रहवासी लंडनवर येऊन ठेपलेत आणि जिच्या भरवशावर सगळे आहेत, ती व्यक्तीच रोझला अनोळखी झालेली. तिची ही घालमेल आधीचा डॉक्टर तुम्हालाही आपला वाटला असेल, तरच भिडते.

नायक दिसत नाही म्हणून कंटाळून भाग बंद करू नका. इतकी वाट बघितल्यामुळेच टेनंट उठून बोलायला लागला की तो लगेच पटतो. चहावर लक्ष असू द्या! आणि शेवटी पंतप्रधान हॅरिएट जोन्सबद्दल तो जे सहा शब्द बोलतो, ते नीट ऐका. या हसऱ्या डॉक्टरची कठोर बाजू तिथे दिसते.