नागपूरहून लेह, आईला झेपेल का?

प्रश्न: ताई, जूनमधे लडाखला चाललो, आई पण आहे, ६३ वर्षांची, बीपीची गोळी चालू. संध्याकाळी नागपूरहून दिल्ली, रात्र एअरपोर्टवरच काढायची अन् पहाटे लेहची फ्लाइट. एजंट म्हणतो दुसऱ्याच दिवशी खारदुंगला ही लेहजवळची उंच खिंड करा. चालेल का? (वाचक, धरमपेठ)

उत्तर: खारदुंगला दुसऱ्या दिवशी अजिबात नको, एजंट काहीही म्हणो. आपलं नागपूर जेमतेम ३०० मीटरवर अन् लेह ३५०० मीटर, दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात नेऊन सोडतं पण शरीराला त्या विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात, त्यात आदल्या रात्रीचं जागरण म्हणजे आई आधीच थकलेली पोचणार. दिल्लीत एअरपोर्टजवळ रूम घ्या, चार तास तरी झोपू द्या त्यांना. लेहमधे पहिले दोन दिवस नुसता आराम, पाणी, हलकं जेवण. खारदुंगला ५३५९ मीटर आहे हो, चौथ्या दिवशी बघा, तेही आई ठणठणीत असल्या तरच, अन् वर फार वेळ थांबू नका.

निघायच्या आधी डॉक्टरांना भेटाच. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, स्वतःच्या मनाने देऊ नका, सल्फा गटाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. थोडं डोकं दुखणं, झोप न लागणं होतं, पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध वाटलं तर सकाळची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल.

आणि हो, आपलं इकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, एक पोस्टपेड ठेवा.