रिअ‍ॅक्टच्या पानावर वर १२ जागा शिल्लक आणि खाली नकाशात ११, असं का दिसतं?

तुम्ही लिहिलंय की बालगंधर्वच्या प्रयोगांसाठी तिकिटांचं पान रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) करताय. जागांची माहिती वेबसॉकेटवरून (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) येते आणि कंपोनंटबाहेरच्या (कंपोनंट म्हणजे पानाचा एक सुटा भाग) एका साध्या ऑब्जेक्टमध्ये साठते. नकाशा जड म्हणून त्याचा बदल स्टार्टट्रान्झिशनमध्ये (हा बदल तातडीचा नाही, असं रिअ‍ॅक्टला सांगणारं फंक्शन) घातला, आणि तेव्हापासून आकडे मधूनच जुळत नाहीत.

मार्च २०२२ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून रिअ‍ॅक्ट अशा ट्रान्झिशनचं रेंडरिंग, म्हणजे पडद्यावर काय दिसायचं ते तयार करणं, एका दमात संपवत नाही. थोडं करतं, ब्राउझरला मोकळं सोडतं, पुन्हा पुढे नेतं. त्या मधल्या फटीत खिडकीवर कुणी तिकीट घेतलं की तुमचा ऑब्जेक्ट बदलतो. आधी रेंडर झालेल्या, शिल्लक जागा दाखवणाऱ्या वरच्या पट्टीने १२ वाचलेले असतात, मागून आलेला नकाशा ११ वाचतो. यालाच टेअरिंग म्हणतात. यूजस्टेटमध्ये (रिअ‍ॅक्टच्या स्वतःच्या साठवणीत) ठेवलेल्या माहितीचं असं होत नाही, कारण तिथले बदल रिअ‍ॅक्ट स्वतःच्या रांगेत धरून ठेवतं. बाहेरचा ऑब्जेक्ट कधी बदलला हे त्याला कळायला मार्गच नाही.

तो मार्ग म्हणजे यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअर हा हुक (कंपोनंटला रिअ‍ॅक्टची एखादी सोय जोडून देणारं फंक्शन). त्याला दोन फंक्शनं द्यायची: बदल झाला की कळवणारं सबस्क्राइब, आणि माहितीची आत्ताची स्थिती, म्हणजे स्नॅपशॉट, देणारं गेटस्नॅपशॉट. ट्रान्झिशन पडद्यावर उतरवण्याआधी रिअ‍ॅक्ट स्नॅपशॉट पुन्हा तपासतं, आणि मध्ये बदल झाला असेल तर तोच रेंडर न थांबता नव्याने करतं.

इथे बहुतेक जण गेटस्नॅपशॉटपाशी अडकतात. त्यात फिल्टर लावून दर वेळी नवा अ‍ॅरे (यादी) परत केलात, तर रिअ‍ॅक्टला प्रत्येक वेळी बदल झाल्यासारखा वाटतो आणि रेंडर थांबतच नाही. उलट, जुन्याच ऑब्जेक्टमध्ये जागेवर बदल केलात तर त्याला काहीच बदललेलं दिसत नाही. म्हणून वेबसॉकेटवरून निरोप आला की नवा ऑब्जेक्ट बनवा, आणि पुढचा निरोप येईपर्यंत तोच परत करत राहा. सबस्क्राइब कंपोनंटच्या बाहेर लिहा, नाहीतर प्रत्येक रेंडरला जुनं नातं तोडून नवं जोडलं जाईल.

आणि "शिल्लक" हा आकडा कृपा करून वेगळा साठवू नका. त्याच स्नॅपशॉटमधून मोजा. एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवली की कोणताही हुक तुम्हाला वाचवणार नाही. एकच खुर्ची दोघांना विकली जाऊ नये ही जबाबदारी मात्र सर्व्हरचीच. पडद्यावरचे आकडे जुळले म्हणून ती संपत नाही.

माहिती साठवायला रिडक्स ही लायब्ररी वापरत असाल तर तिला रिअ‍ॅक्टशी जोडणाऱ्या रिअ‍ॅक्ट-रिडक्सच्या ८व्या आवृत्तीपासून हाच हुक आत आहे.

याची किंमतही आहे: या हुकमधून आलेले बदल नेहमी सलग रेंडर होतात, ट्रान्झिशनचा फायदा त्यांना मिळत नाही. प्लॅन उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांत निरोपांचा पाऊस पडतो, तेव्हा नकाशा अडखळेल. त्यासाठी प्रत्येक खुर्चीच्या कंपोनंटला गेटस्नॅपशॉटमधून फक्त स्वतःच्या खुर्चीची स्थिती वाचू द्या, "रिकामी" किंवा "गेली" एवढीच स्ट्रिंग. सगळ्या खुर्च्या मांडणाऱ्या मूळ नकाशाच्या कंपोनंटला स्टोअर (तो बाहेरचा ऑब्जेक्ट) वाचायला लावू नका. मग एक तिकीट गेलं की एक खुर्ची आणि वरची पट्टी, एवढंच पुन्हा रेंडर होईल.