विरी गेलेल्या पिठाची भाकरी

ख्रिस्तात प्रिय लेकरास,
सलाम.

तुझा मेसेज शनिवारी रात्री आला. रविवारी उपासनेहून घरी आल्यावर मी तो पुन्हा नीट वाचला. फोनवर एवढं लिहायला मला जमत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

तू लिहिलंस, "मावशी, प्रार्थनेला बसते पण आत काहीच हलत नाही. शब्द नुसते तोंडातून जातात. हे ढोंगच झालं ना? मग नकोच ते." आणि तीन महिने तू चर्चची पायरी चढली नाहीस. हिंजवडीची नोकरी, रात्रीचे कॉल, पीजीतली तिघींची खोली, यातलं काहीही तू सबब म्हणून पुढे केलं नाहीस. खरं होतं तेच लिहिलंस. मीही तुला खरं तेच सांगते.

तुझे काका गेले तेव्हा घरी प्रार्थना सभा झाली, गीतं झाली, लोकांनी स्तोत्रं वाचली. मी ३४ वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काम केलेली बाई. दुसऱ्यांच्या उशाशी बसून किती वेळा प्रार्थना केली असेल, मोजदाद नाही. पण पुढचे सात-आठ महिने मला एक वाक्य धडपणे म्हणता आलं नाही. डोळे मिटले की ती शेवटची रात्रच समोर यायची. शेवटी आमच्या पाळकबाईंना सांगितलं. त्यांनी ना उपदेश केला, ना धीर दिला. म्हणाल्या, "येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणत जा. 'भाकर' येईपर्यंत म्हणा. पुढे म्हणवलं नाही तर तिथेच थांबा."

मी तसंच केलं. पहाटे काठवटीत पीठ घेतलं की म्हणायची, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." आणि तिथेच थांबायची.

तुला भाकरी थापता येते का गं? येत नसली तर एवढं ऐकून ठेव. ज्वारीचं पीठ दळून बरेच दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. कितीही मळलं तरी भाकरी थापताना कडेने फाटते, उचलताना तुटते. नवीन सुनेला वाटतं पीठ वाया गेलं. घरातली जुनी बाई ते टाकत नाही. पाणी उकळते, त्यात पीठ घालते, झाकून ठेवते, मग हाताला सोसेल तसं मळते. त्याच पिठाची भाकरी टम्म फुगते. ज्या दिवसांत माझं स्वतःचं एकही वाक्य धरत नव्हतं, त्या दिवसांत ही शिकवलेली, पाठ असलेली, माझी नसलेली प्रार्थना मला त्या उकळत्या पाण्यासारखी झाली. म्हणून पाठ प्रार्थना म्हणण्याला तू ढोंग म्हणू नकोस. ढोंग लोकांना दाखवण्यासाठी असतं. पहाटे साडेपाचला माझ्या स्वयंपाकघरात बघायला कोण होतं?

आणि 'रोजची' हा शब्द बघ. बायबलात निर्गमाच्या १६व्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळतो. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. काहींनी सकाळसाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती, कारण दुसरा दिवस शब्बाथाचा, विसाव्याचा. तू घरी असताना युवक संघाच्या शिबिरात जे अनुभवलंस, रडलीस, साक्ष दिलीस, ते खरंच होतं. पण तू त्याच साठ्यावर दोन वर्षं काढू बघते आहेस. आजचं आज माग. आज जेवढं आलं तेवढं घे, एक ओळ आली तर एक ओळ.

पंडिता रमाबाईंचं मला नेहमी आठवतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी उमगलं. त्या आठ वर्षांत बाई बसून राहिल्या नव्हत्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, १८९० साली ते पुण्यात आणलं. पोरक्या, विधवा मुली जवळ केल्या, टीका सोसली. आतून सगळं लख्ख होईपर्यंत थांबल्या असत्या तर त्या मुलींचं काय झालं असतं? आणि शेवटची वर्षंही काही सोपी नव्हती. १९२१ साली लेक मनोरमा गेली, त्या दुःखातही पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि छापलेला ग्रंथ १९२४ साली आला. हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं ते काम होतं, साध्या बायांना समजावं म्हणून. एखाद्या सुटीत दौंडकडे जाणारी गाडी पकड, केडगावला उतर, मुक्ती मिशन बघून ये. मी येईन बरोबर.

ऑफिसात जेवताना कुणीतरी विचारलं ना, "आडनाव तर आपल्यातलंच, मग ख्रिश्चन कशी?" तुला ते लागलं, लिहिताना तुझं अक्षरन् अक्षर सांगत होतं. आम्हालाही विचारत, आमच्या आयांनाही विचारत. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा-बिस्किटं घेतली म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर केवढं वादळ उठलं होतं. पाव खाल्ला की बाटला, असं लोक म्हणत. मला मात्र एक गोष्ट फार मोठी वाटते. आपल्या शास्त्रात प्रभू म्हणतो, "जीवनाची भाकर मीच आहे." प्रभूने पाच हजारांना जेवू घातलं, त्या गोष्टीतल्या मुलाजवळही जवाच्या पाच भाकरी होत्या. भाषांतर करणाऱ्यांनी आपल्या ताटातला शब्द घेतला. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी तर १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली, आणि आमच्या उपासनेत ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर गातात. तो आपल्या घरी आपल्या भाषेत आला, एवढं तुला माहीत असू दे. वाद घालू नकोस. डबा उघड आणि विचारणारीलाच एक घास दे.

हो, तेही सांगायचं होतं. प्रार्थनेत 'माझी भाकर' असं कुठेच नाही. 'आमची' आहे, 'आम्हांला' आहे. तुझ्या खोलीतल्या मुलीला ताप आला, तू दोन रात्री जागलीस, तिला मऊ भात करून दिलास, हे तू मेसेजमध्ये ओझरतं लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत "माझी प्रार्थना मेली आहे" असं म्हटलंस. मी ते वाचून थांबले. लेकरा, ज्या हातांनी तू तिचं कपाळ पुसलंस त्या हातांत काहीच नव्हतं, असं मी मानणार नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात एका बापाची गोष्ट आहे. आजारी लेकाला घेऊन आलेला तो प्रभूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एकाच श्वासात. प्रभूने त्याला परत पाठवलं नाही, मुलगा बरा केला. तुला काही म्हणवत नसलं तर एवढंच म्हण, कंपनीच्या बसमध्ये, कानात इयरफोन असले तरी चालेल.

या रविवारी येशील? तुला चर्चमध्ये बसवत नसेल तर शेवटच्या बाकावर बस, गीत म्हणू नकोस, दानार्पणाच्या वेळी उठून गेलीस तरी कुणी काही बोलणार नाही. मंडईच्या मेट्रो स्टेशनला उतर आणि फोन कर, मी तिथपर्यंत चालत येते. नंतर घरी चल. डब्यात महिन्याभराचं जुनं पीठ आहे, ते मी मुद्दाम ठेवलंय. पाणी मी उकळीन, थापायचं तू.

तुझी,
मावशी