पहिल्या केमोच्या आधी हे एक काम उरकून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) निघाला, येत्या सोमवारी पहिली केमो आहे, आणि मुलासाठी तुमचे वर्षभर प्रयत्न चालू होते. मग हे चार-पाच दिवस प्रयत्न करून बघावा की थांबावं? वाचून पोटात कालवलं. 2016च्या डिसेंबरात हाच आजार, हाच प्रश्न आमच्या घरात होता. आम्हीही इंदूरचेच, रामबागेतले.

आधी थेट सांगते. सोमवारच्या आत नवऱ्याचं वीर्य गोठवून ठेवा. बाकी सगळं नंतर.

पहिल्या डोसच्या आधी दिवस गेले तर औषध त्या शुक्राणूंपर्यंत पोचलेलंच नसतं, त्यामुळे त्या गर्भाची भीती नाही. पण एका महिन्यात दिवस राहतीलच याची खात्री कुणाचीच नसते, आणि घरात बायोप्सीची पट्टी बांधलेला माणूस असताना तारखा मोजत बसणं किती जड जातं ते मी पाहिलंय. गोठवलेला नमुना मात्र द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला वर्षानुवर्षं टिकतो.

आम्हाला हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "मूल आहे का? नाही? मग बँकेत ठेवलं का?" मला वाटलं पैशांचं बोलतायत. त्यांनी समजावलं तेव्हा केमोला पाच दिवस उरले होते. आत जाऊन विचारलं तर डॉक्टर म्हणाले, हो, जरूर करून घ्या, उपचार लांबत नाहीत. राग आला मला, अजूनही येतो. न विचारता का सांगू नये?

सासूबाई म्हणाल्या, आधी माझा पोरगा वाचू दे, नातवंडांचं मग बघू. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आईच ती. पण "मग" बघायला काहीतरी शिल्लक लागतं, हे त्यांना समजावायला एक संध्याकाळ गेली.

आयव्हीएफ सेंटरच्या त्या खोलीत ह्यांना जमेना. मग घरी नमुना घेतला. तासाभरात पोचवायचा आणि अंगाच्या उबेत ठेवायचा, असं लॅबच्या मुलीनं बजावलं होतं. डिसेंबरची सकाळ, स्कूटरवर बोचरा वारा. मी ती डबी स्वेटरच्या आत पोटाशी धरून मागे बसले होते आणि हे प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू करत होते. आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी आला. या आजारात औषधाआधीच तो कमी असू शकतो, म्हणून घाबरू नका. इक्सीमध्ये, म्हणजे लॅबमध्ये सुईनं शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात त्यात, एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू पुरतो. दोन दिवसांनी दुसरा नमुना दिला.

सोमवारनंतर मात्र प्रयत्न पूर्ण बंद. केमो चालू म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं समजू नका. सुरुवातीला शुक्राणू असतातच, पण औषधानं बिघडलेले असू शकतात. नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, शिवाय औषधाचा अंश वीर्यात उतरतो, म्हणून कंडोम हवाच. आमच्याकडून एकदा चूक झाली आणि माझी पाळी आठ दिवस लांबली. पट्टीवर एकच रेघ आली तेव्हा मी देवापुढे बसून रडले. ज्या मुलासाठी नवस बोलले होते, तेच नको म्हणून रडावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. आणि आत्ताच दिवस गेलेले असतील, तर केमोनंतरचे दोन-तीन दिवस नवऱ्याच्या उलटी-लघवीला हात लावू नका, दुसऱ्या कुणाला हातमोजे घालून करू द्या.

पुढचं थोडक्यात. एबीव्हीडी, म्हणजे या आजाराची चार औषधांची केमो, तिचे 12 डोस झाले. त्यातल्या लाल औषधानंतर लघवी लाल होते, त्याला भिऊ नका. डॉक्टरांनी मुलासाठी एक वर्ष थांबायला सांगितलं. काही सहा महिने सांगतात, काही दोन वर्षं, तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. एबीव्हीडीनंतर बऱ्याच जणांचा काउंट परत येतो, ह्यांचाही आला, आणि 2019मध्ये मुलगी झाली, नैसर्गिकरीत्या. गोठवलेल्या नमुन्यांच्या नळ्या वापरायची वेळच आली नाही. दरवर्षीचं भाडं भरलं त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. औषधं बदलावी लागली असती आणि काउंट परत आला नसता, तर त्याच नळ्यांचा आधार होता.

उद्या सकाळीच फोन करा. "सीमेन फ्रीझिंग" म्हणा, लगेच कळतं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोघांची आधारकार्डं न्या. एचआयव्ही, हिपॅटायटिसची रक्ततपासणी तिथेच होईल. आणि ताई, नवऱ्याला हे तुम्हीच सांगा, एकटं गाठून. सासरच्यांसमोर पुरुषाला फार अवघडल्यासारखं होतं.