शाळेला ‘अ’ श्रेणी, मग पोराला वाचता का येत नाही?

प्रश्न : गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी सदस्य आहे. मागे शाळासिद्धीत (सरकारच्या शाळा-मूल्यमापनात) शाळेला ‘अ’ श्रेणी मिळाली, तो बोर्ड अजून फाटकाला आहे. माझा मुलगा चौथीत आहे आणि दुसरीचा धडा वाचतानाही अडखळतो. खरं काय मानायचं? आणि मी विचारलं तर बाईंना राग येईल का?
– एक पालक, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, दोन्ही खरं माना. शाळासिद्धीत ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं होती. त्यातली १२ पहिल्याच क्षेत्रातली : मैदान, वर्गखोल्या, वीज, पाणी, स्वच्छतागृह, रॅम्प, पोषण आहाराचं स्वयंपाकघर वगैरे. मुलांची प्रगती या क्षेत्रात मानकं ५, आणि त्यातलं एक हजेरीचं. म्हणजे शाळेला छान रंग दिलेला असेल, हात धुवायचे नळ चालू असतील, कागद जागच्या जागी असतील, तर तुमचा मुलगा अडखळला तरी श्रेणी फारशी हलायची नाही. शिवाय माहिती आधी शाळेनेच भरायची. बाहेरून तपासायला कुणी आलंच, तर दिवसभरात फायली बघायच्या की मुलं?

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारी अधिकारी, म्हणून निवृत्त झाले, तेव्हा हे दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. माझ्याही सह्या अशा तक्त्यांवर आहेत. एका शाळेत चौथीचा एक मुलगा खणखणीत वाचत होता. मी सहज मधलं पान उलटलं, तर नव्या पानावर बोट ठेवून तो मागच्याच पानावरची गोष्ट सांगत राहिला. धडा त्याला पाठ होता. बाई खाली बघत होत्या. शाळा द्विशिक्षकी, चार इयत्ता, आणि दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामावर. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत असं आहे खरं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळलेली. ते गुरुजी किती दिवस वर्गात नव्हते, हे विचारणारा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. मी त्या मुलापुढे ‘वाचतो’ लिहिलं. का लिहिलं? आधीच्या महिन्यात वर पाठवलेला आकडा खाली आणायचा तर मला लेखी खुलासा द्यावा लागला असता.

आपल्याकडे जबाबदारीचा सगळा कागद वर जातो. शाळेकडून केंद्राला, केंद्राकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना, तिथून जिल्ह्याला. खाली, तुमच्याकडे, प्रगतिपत्रक तेवढं येतं. ४ डिसेंबर २०२४ ला देशभर झालेल्या ‘परख’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे आकडे पेपरात आले. पण ती तिसरी, सहावी आणि नववीची नमुना चाचणी, त्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो. तुमच्या पोराचं त्यात काही सापडणार नाही. त्यापेक्षा ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या पाहणीची रीत मला आवडते. त्यांचे स्वयंसेवक घरी जाऊन मुलापुढे एक कागद ठेवतात : अक्षरं, शब्द, पहिलीचा सोपा उतारा, दुसरीची गोष्ट. पाच-दहा मिनिटांत मूल कुठे अडतंय ते आईच्या डोळ्यांदेखत कळतं.

आता तुमच्या हातात काय आहे? बरंच आहे, फक्त वापरलं जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्याच २१ व्या कलमाप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. २२ व्या कलमाप्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा. तो मागून बघा. त्यात कुंपण, फरशी, संगणक असणारच. ‘तिसरी-चौथीतल्या इतक्या मुलांना दिवाळीपर्यंत दुसरीचा उतारा वाचता यावा’ अशी एक ओळ घालायला लावा. आणि इतिवृत्ताची वही सहीसाठी घरी आली तर सही करू नका. प्रेमाने परत पाठवा, ‘बैठकीत येते’ म्हणून. मी असताना निम्म्या बैठका शिपायाच्या सायकलवरच व्हायच्या.

बाईंना राग येईल का? ‘आमचं पोर वाचत नाही, तुम्ही काय करता?’ असं सगळ्यांसमोर म्हणालात तर येईलच, आणि मग पुढच्या वेळी पाठ केलेला धडा ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘बाई, वाचनाला रोज किती वेळ मिळतो? कशामुळे मोडतो?’ उत्तरात रिक्त जागा, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब असं काय काय निघेल. ते शब्दशः इतिवृत्तात लिहून घ्या आणि समितीच्या ठरावाने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.

मुलाचं वाचन ऐकताना बाईंना शेजारी बसवा, चोरून परीक्षा नको. पुस्तक दुसरीचंच घ्या, पण पान तुम्ही उघडा.